पुण्याची दुर्बीण कोडाईकनालच्या डोंगरावर

कोडाईकनालची सौर वेधशाळा पन्हाळ्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहे. हवा विरळ, धूळ कमी. १९१२ मध्ये या डोंगरावर पुण्याहून एक मोठी दुर्बीण आली. तिच्यामागे होते कावसजी दादाभाई नायगमवाला.

त्यांचा जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असताना वर्णपटशास्त्राची प्रयोगशाळा उभारायचे त्यांच्या मनात आले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, सरकारने तेवढीच भर घातली. नायगमवालांची बदली पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत झाली आणि वेधशाळाही तिथेच उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची वीस इंची आरशाची दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती.

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या प्रकाशात एक हिरवी रेषा दिसते. ती उल्कांमधल्या मॅग्नेशियमची, असे इंग्लंडचे नामवंत शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर मांडत होते. तसे असते तर रेषेची एक कड पुसट दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्यातून पाहिले, तर रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव! तसे त्यांनी १८९१ मध्ये छापून कळवलेही. वसाहतीतल्या एका प्राध्यापकाने हे करणे सोपे नव्हते. ती रेषा विरळ वायूतल्या ऑक्सिजनची, हा उलगडा अमेरिकेत आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये केला.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर आपल्या विजयदुर्गावर होते. (हेलियमची गोष्ट मात्र १८६८ ची, तेव्हा ते इंग्लंडातच होते.) नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून प्रभामंडळाची आणि वर्णपटाची छायाचित्रे घेतली.

पण वेधशाळेचा सगळा भार या एका माणसावर होता. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि सरकारने ती बंद केली. त्यांच्या जागी दुसरा माणूस तयार करायला हवा होता, हे कुणाला सुचले नाही. यंत्रे कोडाईकनालला गेली. तिथे सूर्याचेच काम चाले. रात्रीच्या ताऱ्यांसाठी घडवलेली ही दुर्बीण कित्येक वर्षे पडून राहिली. नायगमवाला १९३८ मध्ये वारले, तेव्हाही ती पडूनच होती. आज तिला भावनगर दुर्बीण म्हणतात.