मावळच्या भूमीतील योगाचार्य : स्वामी कुवलयानंद

कार्ल्याच्या डोंगरावर श्री एकवीरा मातेच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांना पायऱ्या चढताना आपल्या छातीच्या भात्याची परीक्षा द्यावी लागते. मातेचे दर्शन घेऊन हेच भाविक लोणावळ्यास उतरतात, चिक्कीची खरेदी करतात आणि गाडी पकडतात. ज्या थोर पुरुषाने श्वास, आहार व व्यायाम यांच्या अभ्यासास आपले आयुष्य वाहिले, त्याची कर्मभूमी याच गावात आहे, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. म्हणून स्वामी कुवलयानंद यांचे चरित्र येथे संक्षेपाने देत आहोत.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे एका मराठी कुटुंबात झाला. घरची स्थिती बेताचीच होती, परंतु बुद्धी तल्लख. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृत विषयाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पुढे बडोदे व मुंबई येथे शिक्षण घेऊन ते पदवीधर झाले. बडोद्यास श्री अरविंदांचा आणि महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांचा प्रभाव त्यांच्या मनावर पडला. देशसेवा करावयाची आणि आजन्म ब्रह्मचारी राहावयाचे, असा निश्चय त्यांनी तरुणपणीच केला.

बडोद्यातील जुम्मादादा व्यायामशाळेचे राजरत्न माणिकराव हे त्यांचे पहिले गुरू. १९०७ पासून सुमारे तीन वर्षे जगन्नाथरावांनी त्यांच्याजवळ भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. नंतर खानदेशात अमळनेर येथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. त्या काळी राष्ट्रीय शिक्षण म्हणजे सरकारची अवकृपा ओढवून घेणेच होते. ते महाविद्यालय सरकारी रोषामुळे बंद पडले. स्थिर नोकरीची वाट सोडलेल्या या ध्येयवादी शिक्षकासमोर आता पुढे काय, हा प्रश्न उभा होता.

त्याचे उत्तर नर्मदाकाठी मिळाले. बडोद्यानजीक मालसर येथे परमहंस माधवदासजी महाराज हे बंगाली योगी वास्तव्यास होते. १९१९ मध्ये जगन्नाथराव त्यांच्या चरणी गेले. योगाचा लाभ सामान्य संसारी माणसासही व्हावा, अशी महाराजांची दृष्टी होती. येथेच शिष्याच्या मनात एक धाडसी विचार रुजला. योगाने शरीरात पालट होतो, हे गुरू सांगतात व साधक अनुभवतात. तो पालट यंत्रानेही दिसला पाहिजे. श्रद्धाळू माणसास हा विचार रुचणे कठीण होते. गुप्त विद्या प्रयोगशाळेत नेणे अनेकांना अधर्मासारखे वाटे. शिवाय यंत्राने विरुद्ध कौल दिला तर काय, हा धोकाही होताच. तो त्यांनी पत्करला.

बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान व नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी झाली. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, असे मापनात आढळले. बस्तिक्रियेत पाणी आपोआप वर कसे ओढले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. या निर्वात स्थितीस त्यांनी आपल्या गुरूंचेच नाव दिले. शिष्याने गुरूस वाहिलेली याहून आगळी पूजा आम्हांस तरी ठाऊक नाही.

१९२४ साली विजयादशमीच्या सुमुहूर्तावर लोणावळ्यास कैवल्यधाम आश्रमाची स्थापना झाली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्यात विद्वानांसाठी प्रयोगांचे अहवाल असत आणि सामान्य वाचकांसाठी आसनांची सचित्र माहितीही असे. प्राणायामाने शरीरास पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, ही समजूत त्या वेळी सर्वत्र होती. स्वामीजींनी मोजमाप केले आणि प्राणायामाचे खरे महत्त्व त्यात नाही, असे निर्भयपणे लिहिले. योगाच्या कैवाऱ्यानेच असे लिहावे, यात त्यांच्या सचोटीची कसोटी दिसते.

१९२७ मध्ये रक्तदाबाच्या विकाराने आजारी असलेल्या महात्मा गांधींनी आसनांविषयी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. परंतु स्वामीजींचे लक्ष मोठ्या माणसांपेक्षा शाळेतील मुलांकडे अधिक होते. मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणविषयक कार्यात त्यांनी मार्गदर्शन केले. एकाच वेळी अनेक मुलांना मैदानात करता येतील अशा व्यायामांचे ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तकही त्यांनी सिद्ध केले. त्यास साहित्य लागत नाही, खर्च नाही. गरीब खेड्यातील शाळेसही ते परवडावे. आहाराच्या बाबतीत हठयोगातील मिताहाराचा नियम सर्वश्रुत आहे. अन्न सात्त्विक व स्निग्ध असावे आणि पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा. प्रसादाच्या पंगतीत हा नियम पाळणे अवघड जाते, हे आम्ही जाणतो!

दात्यांच्या औदार्यावरच हे कार्य वाढले. १९३६ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावे यौगिक आरोग्य केंद्र उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर लोणावळ्यास गोरधनदास सेक्सरिया यांच्या नावाचे योग महाविद्यालय सुरू झाले. १९६१ मध्ये श्रीमती अमोलकदेवी तीरथराम गुप्ता यांच्या नावे यौगिक रुग्णालय निघाले. दमा, मलावरोध यांसारख्या जुनाट विकारांच्या रुग्णांना तेथे आसने, शुद्धिक्रिया व पथ्य यांच्या आधारे उपचार मिळू लागले.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींनी देह ठेवला. त्यांच्यानंतर स्वामी दिगंबरजी यांनी कार्याची धुरा वाहिली. २०२४ मध्ये कैवल्यधामने शताब्दी साजरी केली. आश्रम लोणावळा रेल्वे स्थानकापासून फार दूर नाही. तेथे जाऊ इच्छिणाऱ्या भाविकांनी आश्रमाच्या कार्यालयात आगाऊ चौकशी करून जावे.