प्येर-पॉल रिके

प्येर-पॉल रिके (जन्म: सुमारे १६०९, बेझिये; मृत्यू: १ ऑक्टोबर १६८०, तुलूझ) हे दक्षिण फ्रान्समधील ‘कनाल द्यू मिदी’ या ऐतिहासिक कालव्याचे निर्माते होत. सुमारे २४० किमी लांबीचा हा कालवा तुलूझ शहरास भूमध्य समुद्राशी जोडतो. तुलूझपासून गारोन नदी अटलांटिक महासागराकडे वाहत असल्याने स्पेनला वळसा न घालता मालवाहतूक करणे यामुळे शक्य झाले.

योजना

रिके हे शिक्षणाने अभियंते नव्हते. लाँगदॉक प्रांतातील मीठकर वसुलीच्या मक्त्यातून त्यांनी मोठी संपत्ती मिळविली होती. अशा कालव्याची कल्पना जुनीच होती. परंतु मार्गातील सर्वांत उंच भागास बारमाही पाणी कोठून आणावे, हा प्रश्न सुटला नव्हता. काळ्या डोंगरातील (मोंतान्य न्वार) ओढ्यांचे पाणी पाटांनी नॉरूझ येथील जलविभाजकावर आणण्याचा मार्ग रिके यांनी दाखविला. १६६२ मध्ये त्यांनी ही योजना मंत्री कोल्बेर यांच्याकडे मांडली व १६६६ मध्ये चौदाव्या लुईने तिला मान्यता दिली.

बांधकाम

पाणीसाठ्यासाठी सें-फेरेऑल येथे धरण बांधण्यात आले. बेझियेजवळ बोटींची चढउतार करण्यासाठी जलपाशांची पायऱ्यापायऱ्यांची रांग, तर माल्पास येथे डोंगर पोखरून बोगदा करण्यात आला. हजारो स्त्री-पुरुष या कामावर राबत होते. मजुरांना पावसाच्या व सणांच्या दिवसांचेही वेतन मिळे, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. खर्च वाढत गेला, तशी रिके यांची स्वतःची संपत्ती कामी आली व ते कर्जबाजारी झाले. काम पूर्णत्वास येत असतानाच त्यांचे निधन झाले. पुढे अवघ्या काही महिन्यांत, मे १६८१ मध्ये, कालवा खुला झाला. त्यांच्या वारसांना कर्जातून मुक्त होण्यास १७२४ पर्यंतचा काळ लागला.

काठावरील वस्त्या

नॉरूझ येथे नवे नगर वसविण्याचा रिके यांचा मानस होता. तो सिद्धीस गेला नाही. टपालबोटींच्या प्रवाशांच्या मुक्कामामुळे ल सोमायसारखी खेडी मात्र भरभराटीस आली. १८५७ मध्ये समांतर रेल्वेमार्ग सुरू झाल्यावर कालव्यावरील वाहतूक ओसरली आणि या वस्त्यांचे महत्त्वही लोपले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मालवाहतूक थांबली. १९९६ मध्ये युनेस्कोने कालव्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. आज त्यावर मुख्यतः पर्यटकांच्या बोटी चालतात.