संत गोन्सालो गार्सिया : वसईचा दुभाषी ब्रदर



संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. वसईत गास येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे, त्यांच्या नावाचे कॉलेजही आहे. क्रूस आणि भाले म्हटले की ते डोळ्यांसमोर येतात. आज मला थोडे त्याआधीच्या वर्षांबद्दल लिहायचे आहे.

वसईवर पोर्तुगीजांचे राज्य असताना १५५६ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. कोवळ्या वयातच येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर ते जपानला गेले. तेथे सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली आणि जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासून इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही.

इथे जरा थांबू या. आठ वर्षे राबल्यावर दार बंद! एखाद्या समितीतून आपले नाव वगळले, तर आपल्यातले काही जण पुढच्या रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसतात, काही तर मिस्साला येतच नाहीत. (आम्ही फादरही त्यातलेच. बदली मनासारखी झाली नाही की आमचा चेहरा पडतो.) गोन्सालो निघाले आणि व्यापारात उतरले. व्यापारात जम बसला, हाती पैसा आला. पण मन तेथे रमेना. व्यापारानिमित्त मनिलाला गेले असता फ्रान्सिस्कन संन्याशांशी संबंध आला आणि १५८८ च्या सुमारास, चालता धंदा सोडून, ते त्या संघात साधे ब्रदर झाले. धर्मगुरू ते कधीच झाले नाहीत.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता फिलिपाइन्सच्या गव्हर्नरांचे वकील म्हणून जपानला निघाले, तेव्हा भाषा जाणणारा माणूस हवा होता. ज्या देशातून निराश होऊन निघाले होते, तेथेच गोन्सालो पुन्हा गेले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी फिलिपाइन्सने आपल्यापुढे मान तुकवावी म्हणून अडून बसला होता. अशा माणसापुढे दुभाषी म्हणून उभे राहायचे! दुभाष्याचे काम मोठे विचित्र असते. बोलणे दुसऱ्याचे, साधले तर श्रेयही दुसऱ्याचे, बिघडले तर पहिला दोष मात्र त्याचा. पुढे क्योतो येथे चर्च उभे राहिले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उघडले. परदेशी संन्यासी आणि रुग्ण यांच्यात बोलणारा मुखही बहुधा गोन्सालोच.

मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम १५८७ मध्येच निघाला होता, पण तो काटेकोरपणे पाळला जात नव्हता. ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यावर फुटले. मिशनऱ्यांच्या मागून स्पेनचे सैन्य येणार, असा संशय बळावला आणि धरपकड सुरू झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. ऐन थंडीत, गावोगावी धिंड काढत त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. वाटेत कैद्यांची सेवा करायला आलेले दोघे जणही त्यांच्यात सामील केले गेले. असे सव्वीस झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, बाकी सतरा तुमच्यासारखे प्रापंचिक. त्यांत बारा वर्षांचा एक मुलगाही होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रूसांवर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना, संकल्प हा सवयीने घडतो, असे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ मला गोन्सालोंच्या आयुष्यात दिसतो. त्या टेकडीवर त्यांनी जे देऊन टाकले, ते ते कित्येक वर्षे थोडेथोडे देतच आले होते : मान, पैसा, स्वतःचा शब्द. मृत्यूसमयी त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते. माझे वय आता त्यापुढे गेले आहे, आणि माझ्याकडे सोडायचे अजून पुष्कळ शिल्लक आहे.

१६२७ मध्ये त्यांना धन्य घोषित करण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी त्या सव्वीस जणांना संतपद बहाल केले आणि भारतात जन्मलेला पहिला संत वसईला लाभला.

जागतिक ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीला संत पॉल मिकी आणि सोबती यांचा सण असतो. आपले गोन्सालो त्या ‘सोबती’ या शब्दात आहेत.