राक्षसामागचा माणूस

भुताखेतांचा चित्रपट हा आपल्याकडे चोरून पाहण्याचा प्रकार होता. सामाजिक चित्रपटाला सारे घर जायचे, पौराणिकाला आजीलाही न्यायचे. पण भयपटाचे तिकीट काढायचे ते मॅटिनीला, कॉलेज बुडवून. त्यातून हे चित्रपट कमी पैशांत निघत. तोच वाडा, तोच जिना, तेच धुके. त्यामुळे ‘स्वस्त’ हा शिक्का त्यांच्यावर दोन्ही अर्थांनी बसला. बोरिस कार्लोफ या नटाने आयुष्यातली जवळजवळ चाळीस वर्षे अशाच चित्रपटांत घालवली. त्याची कहाणी समजली की स्वस्त आणि हलके हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत, हे पटू लागते.

त्याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म २३ नोव्हेंबर १८८७ रोजी लंडनमध्ये, नऊ भावंडांत धाकटा. वडिलांची नोकरी हिंदुस्थानातल्या मीठ महसूल खात्यात. आईवडील दोघांच्याही घराण्यांत हिंदी रक्त मिसळलेले होते. आईची मावशी म्हणजे अ‍ॅना लिओनोवेन्स. सयामच्या राजाच्या मुलांची शिक्षिका आणि ‘द किंग अँड आय’ची नायिका. या अ‍ॅनाचा जन्म १८३१ सालचा, आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. तिने मात्र आपण वेल्समध्ये जन्मल्याचे जगाला सांगितले आणि नगरचे नाव पुसून टाकले. त्या काळच्या गोऱ्या समाजात सावळ्या रक्ताची कबुली महागात पडे. खरे नाव झाकून जगण्याची रीत कार्लोफच्या घराण्यात अशी आधीपासूनच होती.

आईचे छत्र लहानपणीच हरपले. मोठ्या भावंडांनी त्याला वाढवले. भाऊ सरकारी नोकऱ्यांत गेले. त्यातला जॉन तर पुढे ‘सर’ झाला. धाकट्यानेही परदेश सेवेत जावे म्हणून त्याला किंग्ज कॉलेजात घातले. पण या मुलाला नाटकाचे वेड. बरे, नट व्हावे असे अंगी काय होते? जीभ ‘स’ उच्चारताना अडखळायची, पाय थोडे बाकदार, वर्ण सावळा. अखेर १९०९ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याने कॅनडाचे जहाज पकडले. तिथे शेतावर मजुरी केली, आणि मग फिरत्या नाटक कंपनीत शिरकाव करून घेतला. तिथेच विल्यम प्रॅटचा बोरिस कार्लोफ झाला. घराण्याच्या नावाला बट्टा नको, हा विचार त्यामागे असावा.

पुढची वीस वर्षे म्हणजे नुसती पायपीट. हॉलिवूडमध्ये कधी अरब, कधी हिंदी माणूस, कधी गुंड, अशी कामे मिळत. ती नसली की ट्रकवर माल चढवणे-उतरवणे असे. ऐंशीएक चित्रपट झाले, तरी नाव कुणाच्या ध्यानात राहिले नव्हते. मग १९३१ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या खानावळीत दिग्दर्शक जेम्स व्हेलची नजर त्याच्या हाडकुळ्या चेहऱ्यावर पडली. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या कादंबरीवरून ‘फ्रँकेन्स्टाइन’ निघत होता. फ्रँकेन्स्टाइन हे त्या शास्त्रज्ञाचे नाव. त्याने मृतांचे अवयव जोडून घडवलेल्या जिवाला नावच नाही. त्या बिननावाच्या, तोंडून एक शब्दही न बोलणाऱ्या राक्षसाचे काम कार्लोफला मिळाले.

रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज सुमारे चार तास त्याच्या चेहऱ्यावर काम करी. नजर मेल्यासारखी दिसावी म्हणून पापण्यांवर मेण हवे, ही सूचना कार्लोफची. त्याने बसवलेले दातही काढून ठेवले, म्हणजे एक गाल आत गेलेला दिसे. पायांत जड बूट. आरंभीच्या नामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे नुसते प्रश्नचिन्ह होते! वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी नाव झाले, ते असे.

या चित्रपटात तळ्याकाठचा एक प्रसंग आहे. एक लहान मुलगी न भिता राक्षसाचा हात धरते, त्याला फुले देते. दोघे पाण्यावर फुले सोडतात. फुले संपतात, तेव्हा मुलगीही तरंगेल अशा भाबड्या समजुतीने तो तिला उचलून पाण्यात टाकतो, आणि ती बुडताच घाबरून पळतो. हे क्रौर्य पाहवणार नाही म्हणून तो शेवट कापला गेला. परिणाम उलटाच झाला. राक्षस हात पुढे करतो आणि एकदम बाप मुलीचे प्रेत घेऊन येताना दिसतो. मधल्या रिकाम्या जागेत प्रेक्षक नाही नाही ते भरू लागला. १९८० च्या दशकात ते तुकडे परत जोडले गेले, तेव्हा कुठे त्या अडाणी जिवाची निरागसता परत मिळाली. कार्लोफने राक्षस रंगवलाच नव्हता. कुणालाच नको असलेले एक मूल रंगवले होते.

या यशाची किंमत त्याच्या पाठीने मोजली. जड पोशाखात, उंच बुटांत सहनटाला खांद्यावर घेऊन टेकडी चढण्याचे दृश्य पुन्हा पुन्हा चित्रित झाले. पाठदुखी जन्माची सोबतीण झाली. कामाच्या तासांना धरबंध नव्हता. एकदा तर सलग चोवीस तासांहून अधिक काम झाले. १९३३ मध्ये नटांची संघटना, स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड, उभी राहिली, तेव्हा पहिल्या सभासदांत कार्लोफ होता. त्याचा सभासद क्रमांक ९. उशिरा मिळालेले यश पणाला लावून मालकांच्या विरोधात उभे राहणे हे पडद्यावरच्या कुठल्याही धाडसापेक्षा मोठे होते.

त्याच वर्षी चित्रीकरणासाठी तो इंग्लंडला गेला. बड्या भावांना आपल्या धंद्याची लाज वाटत असेल, या धास्तीत. प्रसिद्धीसाठी एकत्र छायाचित्र काढायचे ठरले, आणि त्या प्रतिष्ठित भावांची कोण कुठे उभे राहणार यावरून चढाओढ लागली! धाकट्याच्या मनावरचे ओझे उतरले.

माझी उमेदीची वर्षे बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेली, म्हणून यापुढचा हिशेब मला विशेष आवडतो. आर.के.ओ. कंपनीने निर्माता व्हॅल ल्यूटनला घातलेली अट अशी: दीड लाख डॉलरच्या आत चित्रपट बसवायचा, लांबी सव्वा तासापर्यंत, आणि नाव कंपनी देणार. ल्यूटनने ओळखले की अंधाराला पैसे पडत नाहीत. त्याच्या ‘द बॉडी स्नॅचर’मध्ये (१९४५) एक मुलगी रस्त्यावर गात गात कमानीखालच्या काळोखात जाते. मागून कार्लोफची घोडागाडी जाते. गाणे चालू असते, आणि अर्ध्यावर तुटते. बस! ना रक्त, ना किंकाळी. दिग्दर्शक होता रॉबर्ट वाइज. पुढे ‘द साउंड ऑफ म्युझिक’ त्यानेच केला. ल्यूटनने कार्लोफला राक्षसाच्या सापळ्यातून सोडवले, ही कृतज्ञता तो पुढे नेहमी व्यक्त करी.

नवल असे की ज्याच्या चेहऱ्याने मुले दचकावीत, त्याचा आवाज मुलांना झोपताना हवासा वाटे. मुलांसाठी त्याने अनेक गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या. १९६६ च्या ‘ग्रिंच’ या कार्टूनपटातले निवेदन त्याचेच; त्याच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

उतारवयात फुप्फुसे निकामी होत आली, पायाला आधारपट्टी लागली. काम थांबले नाही. काटकसरीबद्दल प्रसिद्ध असलेल्या रॉजर कॉर्मनचे दोन दिवसांचे काम त्याच्याकडून येणे होते. कॉर्मनने ते तरुण पीटर बोगदानोविचच्या हवाली केले. त्यातून ‘टार्गेट्स’ (१९६८) झाला. यात एक म्हातारा भयपटनट निवृत्त होऊ पाहतो, कारण वर्तमानपत्रातल्या भीषणतेपुढे आपली भुते आता कुणाला भिववत नाहीत. दुसरीकडे एक साधासुधा दिसणारा तरुण बंदुकीने अनोळखी माणसे टिपत सुटतो. शेवटी म्हातारा काठी टेकीत त्याच्यासमोर जातो आणि थपडा खाऊन त्याचे अवसान गळते. संहिता वाचून कार्लोफने दोनाऐवजी पाच दिवस दिले. देणे फेडताना वर रक्कम ठेवणारी माणसे मी माझ्या नोकरीत फार थोडी पाहिली.

२ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडमधल्या मिडहर्स्टच्या रुग्णालयात तो गेला. लंडनला कॉव्हेंट गार्डनमध्ये नटांचे म्हणून ओळखले जाणारे एक चर्च आहे; तिथे त्याच्या नावाची पाटी आहे. एखाद्या रविवारी घरातल्या मुलांना जवळ घेऊन तळ्याकाठचा तो प्रसंग जरूर पाहा. भीती वाटेल ती राक्षसाची नव्हे, हातात मशाली घेऊन त्याच्या मागे धावणाऱ्या शहाण्या माणसांची.