कोरड्या रानाचा माग काढणारे आघारकर

मृगाच्या तोंडावर खामगावच्या कृषी केंद्रांपुढे बियाण्याच्या पिशव्यांची थप्पी लागते. सोयाबीनच्या वाणांत ‘एमएसीएस’ अशी अक्षरे आधी आणि आकडा नंतर, अशी काही नावे असतात. ही अक्षरे कुठल्या कंपनीची नाहीत. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत. ही संस्था १९४६ साली ज्यांनी काढली, त्या डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी स्वतः सोयाबीनवर काम केले नव्हते. त्यांचा खरा विषय होता पाणी नसलेल्या मुलखात तगून राहणारी झाडे. म्हणजे आपल्याच रानातली.

आघारकरांचा जन्म १८८४ सालचा, मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि पुढे तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. सुट्टी लागली की सह्याद्री गाठायचा, झाडे गोळा करायची, ओढे-डोह धुंडाळायचे, हा त्यांचा शिरस्ता. या भटकंतीतूनच सातारा जिल्ह्यात मेढ्याजवळ वेण्णा नदीत त्यांना जेमतेम नाण्याएवढा, काचेसारखा पारदर्शक जेलीफिश सापडला. जेलीफिश म्हणजे समुद्रातला प्राणी, असा सर्वसाधारण समज. हा तर सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या गोड्या पाण्यात पोहत होता! कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन ॲनंडेल यांनी १९११ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी म्युझियमचे ग्रेव्हली आणि आघारकर यांनी मिळून या प्राण्याच्या सवयींवर आणि वावरावर टिपण लिहिले.

या शोधाने शास्त्रज्ञांचे कान टवकारले, त्याचे कारण प्राण्याच्या दुर्मिळतेपेक्षा मोठे होते. या जेलीफिशचे सगळे भाऊबंद तोवर फक्त आफ्रिकेत ठाऊक होते. मग आफ्रिकेच्या सरोवरांतला हा जीव साताऱ्याच्या डोहात आला कसा? अमुक जीव अमुक ठिकाणीच का आणि तिथे पोचला कोणत्या वाटेने, या प्रश्नाने आघारकरांची पाठ पुढे आयुष्यभर सोडली नाही. फक्त पाण्यातून ते कोरड्या जमिनीवर आले.

त्या सुमारास कलकत्ता विद्यापीठात सर आशुतोष मुखर्जी विज्ञानाचे उच्च शिक्षण उभे करत होते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन नामांकित वकिलांनी त्यासाठी आपली संपत्ती मोकळी केली. घोषांनी १९१३ मध्ये १० लाख रुपये दिले आणि या पैशांतून निघणाऱ्या प्राध्यापकपदांवर भारतीयच बसतील अशी व्यवस्था केली. वनस्पतिशास्त्राच्या घोष प्राध्यापकपदासाठी निवड झाली ती मालवणच्या आघारकरांची. पद स्वीकारण्याआधी युरोपात जाऊन अभ्यास करून यायचे ठरले आणि १९१४ मध्ये ते बर्लिनला अडॉल्फ एंगलर यांच्याकडे पोचले. वनस्पतींच्या भूगोलात एंगलर हे त्या काळी जगातले मोठे नाव.

त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. इंग्रजांची प्रजा म्हणून आघारकर जर्मनीच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि स्थानबद्ध झाले. घोष प्राध्यापकपदासाठीच निवडलेले भौतिकशास्त्रज्ञ देवेंद्रमोहन बोस हेही तिथेच अडकले. दोघांची परतीची वाट चार वर्षांहून अधिक काळ बंद राहिली. १९१६-१७ चा हिवाळा जर्मनीच्या इतिहासात सलगमाचा हिवाळा म्हणून ओळखला जातो; बटाट्याचे पीक बुडाल्याने लोकांनी एरवी गुरांपुढे टाकायचे सलगम खाऊन दिवस काढले. अशा दिवसांत आघारकरांना अभ्यास चालू ठेवण्याची मुभा मात्र मिळाली.

तिशीतली उमेदीची वर्षे परक्या देशात, पाळतीखाली गेली. अशा स्थितीत माणूस खचून गेला असता तर कोणी दोष दिला नसता. आघारकरांनी विषय निवडला तो वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या आणि निमकोरड्या प्रदेशातली झुडपे व झाडे. त्यांचा प्रसार कशाने होतो, ती कुठवर पसरली आहेत आणि मुळात ती आली कुठून? १९१९ मध्ये बर्लिन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली आणि पुढच्या वर्षी हा जर्मन भाषेतला प्रबंध एंगलर यांच्याच नियतकालिकात छापून आला. एंगलर ज्याचे प्रमुख होते, त्या बर्लिनच्या दालेम उद्यानाचा वाळवलेल्या वनस्पतींचा अवाढव्य संग्रह पुढे मार्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात बहुतांश जळून गेला.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. खामगावहून बोथ्याच्या घाटाने बुलडाण्याकडे जाताना उन्हाळ्यात उघड्या माळांकडे नीट पाहावे. पाण्याविना जगण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा तिथे दिसतात. निवडुंग, शेर, कोरफड ही मांसल झाडे पावसाचे पाणी अंगात साठवतात. यातल्या पुष्कळांची श्वास घेण्याची रीतही उलटी असते. बहुतेक झाडे दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, पण त्याच छिद्रांतून त्यांचे पाणीही उडून जाते. कोरफड ही छिद्रे दिवसा मिटते आणि रात्री गारव्यात उघडते. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवून दुसऱ्या दिवशी उन्हात वापरते. बाभूळ, हिवर यांची तऱ्हा वेगळी. ती मुळे खोल सोडतात आणि पाने बारीक ठेवतात. नेपतीने तर पाने जवळपास सोडूनच दिली, तिच्या हिरव्या काड्याच अन्न तयार करतात.

आता यातल्या पुष्कळ झाडांचा पसारा नकाशावर पाहिला तर गंमत वाटते. बाभूळ, हिंगणबेट, नेपती, खाकण ही झाडे राजस्थान-सिंधपासून अरबस्तानमार्गे थेट आफ्रिकेपर्यंत भेटतात. म्हणजे वेण्णेतल्या जेलीफिशसारखीच गोष्ट! फरक इतकाच, की झाडांच्या बाबतीत प्रवासाची साधने डोळ्यांपुढे असतात. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात, टणक बिया त्यांच्या पोटातून न पचता लेंड्यांसोबत बाहेर पडतात आणि पचनरसाने कवच मऊ झाल्यामुळे अधिक सहज रुजतात. रुईची म्हातारी वाऱ्यावर उडते. बोरे पाखरे नेतात, कोल्हे नेतात आणि शाळेतून परतणारी पोरेही नेतात.

दिसण्यावरून मात्र नाते ठरवता येत नाही. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा, माणसाने आणलेला. त्रिधारी निवडुंग इथला. दोघे सारखे काटेरी, सारखे मांसल, आणि तरी एकमेकांचे कोणी लागत नाहीत. कोरड्या हवेने दोघांना एकाच साच्यात घडवले, एवढेच. ओळखण्याची खूण सोपी आहे. खरचटल्यावर त्रिधारीतून दुधासारखा चीक येतो, फड्यातून येत नाही. हा चीक मात्र खेळण्याची वस्तू नाही. कुंपणाचा शेर छाटताना किंवा रुई तोडताना डोळ्यात थेंब उडाला, तर डोळा न चोळता लगेच स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा आणि नेत्रतज्ज्ञ गाठावा. रुईच्या चिकाने कधी कधी डोळा फारसा दुखत नाही, पण नजर धूसर होते. दुखत नाही म्हणून थांबणे महागात पडते.

१९२० मध्ये आघारकर कलकत्त्याला परतले आणि पुढची २६ वर्षे त्यांनी घोष प्राध्यापक म्हणून काढली. कोरड्या मुलखाचा हा अभ्यासक आता पाण्याने भरलेल्या बंगालमध्ये होता, आणि तिथे त्यांनी तिथलेच प्रश्न हातात घेतले. अमेरिकेतून शोभेसाठी आलेल्या जलपर्णीने बंगालचे खाल-बिल गिळायला सुरुवात केली होती. नावा अडत, मासेमारी बुडे. शिवाय हत्तीरोगाचा एक प्रकार पसरवणाऱ्या मॅन्सोनिया डासांच्या अळ्या अशाच पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून श्वास घेतात. जलपर्णी तुटलेल्या तुकड्यांतून वाढते हे दिसतच होते. पण ती बी धरते का, आणि कशी? तसे असेल तर वरवर उपसून भागणार नाही, कारण बी चिखलात वर्षानुवर्षे टिकू शकते. आघारकर आणि बॅनर्जी यांनी तिच्या परागणाचा आणि बीजधारणेचा अभ्यास करून १९३० मध्ये निबंध छापला. १९३५ मध्ये भादुडी यांच्यासोबत केळीच्या कुळातल्या गुणसूत्रांची संख्या कशी बदलते यावर त्यांनी लिहिले. खाण्याच्या केळात बी का नसते, याची किल्ली या गुणसूत्रांतच आहे. बहुतेक खाऊ केळींत त्यांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी नीट घडतच नाही.

१९४६ मध्ये निवृत्त झाले तेव्हा आघारकर साठीच्या पुढे होते. पेन्शन घेऊन स्वस्थ बसायचे वय. ते पुण्याला आले आणि त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारली. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार या डॉक्टराने १८७६ मध्ये काढलेली विज्ञानसंस्था त्यांनी जवळून पाहिली होती, सी. व्ही. रामन यांचे नोबेल मिळवून देणारे काम तिथलेच. पुण्याच्या संस्थेचे इंग्रजी नावही त्याच वळणाचे आहे. विद्यापीठाच्या परीक्षांपासून मोकळे, फक्त संशोधनाला वाहिलेले घर महाराष्ट्रात हवे, ही त्यामागची ओढ. सुरुवातीला स्वतःची जागाही नव्हती. लॉ कॉलेजच्या आवारात काम चाले. १९६० मध्ये निधन होईपर्यंत आघारकर या संस्थेचे संचालक होते.

सोयाबीन आणि गव्हाच्या वाणांचे आजचे नाव त्यांच्या पश्चातले. संस्थेतल्याच वा. द. वर्तकांनी १९७० च्या दशकात माधव गाडगीळांसोबत महाराष्ट्रातल्या देवराया पालथ्या घातल्या, तेही त्यांच्या पश्चात. वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रहही तिथे जपला आहे. १९९२ मध्ये संस्थेला आघारकर संशोधन संस्था हे नाव मिळाले. ती ज्या रस्त्यावर उभी आहे त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर रस्ता. एका ‘घ’च्या फरकामुळे पुष्कळांना वाटते, संस्था ‘सुधारक’कार आगरकरांच्याच नावाची असावी.