अंगणातली शाळा

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. माहेर केळकरांचे, घरावर प्रार्थना समाजाच्या सुधारकी विचारांचा संस्कार. मुलींनी शिकणे हेच जेथे नवल होते, त्या काळात १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे विवाह झाला, परंतु तो संसार टिकला नाही. लहान मुलीसह स्वतंत्रपणे उभे राहणे तेव्हाच्या स्त्रीला सोपे नव्हते. ताराबाईंना राजकोट येथे शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात प्राचार्यपद मिळाले. मानाची आणि स्थैर्याची ही जागा सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या.

भावनगरच्या ‘दक्षिणामूर्ती’ संस्थेत गिजुभाई बधेका हे मूळचे वकील बालमंदिर चालवीत होते. तेथे छडी नव्हती, पाठांतराची सक्ती नव्हती. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पद्धती दोघांनीही अभ्यासली, मात्र ती जशीच्या तशी उचलली नाही. लहान वयात परीकथा सांगण्याविषयी माँटेसरीबाई साशंक होत्या. भावनगरात मात्र गोष्टीला मानाचे स्थान होते; गाणी, नाट्यखेळ, चित्रे हीही रोजचीच होती. मुलाला चार भिंतींपलीकडचे जग दाखवणारे गोष्टीसारखे साधन दुसरे कोणते? १९२६ साली ‘नूतन बाल शिक्षण संघ’ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून ताराबाईंनी हा विचार पालकांपर्यंत नेला. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला ‘शिशुविहार’ सुरू केले.

दादरचे काम नावारूपाला आले, तरी एक प्रश्न उरलाच होता. माँटेसरीची साधने महाग होती आणि ती परवडणाऱ्या घरांतीलच मुले बालमंदिरात येत. गरिबाच्या मुलाने खेळायचे कशाने?

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, ताराबाई डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. अनुताई वाघ यांची साथ त्यांना तेथेच लाभली. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलांना न्हाऊमाखू घालायचे आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे, असा क्रम पडला. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. शंखशिंपले, चिंचोके, गारगोट्या, पाने, माती हे तिचे साहित्य. लहानमोठे ओळखणे, मोजणे, रंग निवडणे हे सारे त्यातून साधे. शिवाय शिंपल्याची होडी होई, चिंचोक्यांचे बैल होत. विकतच्या खेळण्याला ठरलेले एकच रूप असते. शिंपल्याला ते नसते.

१९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात हलवण्यात आले. तेथे अडचण निराळी होती. मोठी मुले गुरे राखीत, तर मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत. त्यांना आळशी म्हणणे सोपे होते. ताराबाईंनी गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र आणली. त्यामुळे भावंड कडेवर घेऊन आलेल्या मुलीलाही वर्गात बसता येऊ लागले.

१९६२ साली त्यांना ‘पद्मभूषण’ किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. बंगळूरच्या वस्त्यांतही कन्नड बोलणारी मुले आज याच नावाच्या केंद्रात जातात.