कायझर यांची गोदी आणि आपले कार्ड



आपल्यापैकी अनेकांच्या पाकिटात कायझर पर्मनेन्टेचे कार्ड असते. त्याचे मूळ एका बंद पडलेल्या जहाजगोदीत आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

हेन्री कायझर यांचा जन्म १८८२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गरीब घरात झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली. काही वर्षांतच आई गेली. वेळेवर उपचार मिळाले असते तर ती वाचली असती, ही खंत त्यांना जन्मभर राहिली. फोटोच्या दुकानापासून सुरुवात करून ते पश्चिमेकडे आले, रस्त्यांची कंत्राटे घेतली आणि हूवर धरणाच्या कामात भागीदार झाले. १९३९ मध्ये कुपर्टिनोजवळ पर्मनेन्टे ओढ्याच्या परिसरात त्यांनी सिमेंटचा कारखाना काढला.

मग महायुद्ध आले. जहाजबांधणीचा फारसा अनुभव नसताना कायझर यांनी रिचमंडला चार गोद्या उभ्या केल्या. मोठमोठे भाग आधीच तयार करायचे आणि वेल्डिंगने जोडायचे, ही त्यांची पद्धत. नोव्हेंबर १९४२ मध्ये 'रॉबर्ट ई. पिअरी' हे लिबर्टी जहाज पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरले! देशभरातल्या अशा जहाजांसाठी साडेसातशेहून अधिक वाफेची इंजिने आपल्या सनीव्हेलमधल्या जोशुआ हेंडी कारखान्याने बनवली. एकेकाचे वजन सुमारे १३५ टन! घाईची किंमतही मोजावी लागली. थंड समुद्रात काही लिबर्टी जहाजांना तडे गेले.

रिचमंडला हजारो स्त्रिया आणि दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय कामगार राबत होते. अपघात आणि आजार रोजचेच. कायझर यांनी डॉ. सिडनी गारफील्ड यांना बोलावले. आठवड्याला ५० सेंट भरायचे आणि उपचार घ्यायचे, अशी योजना सुरू झाली.

युद्ध संपले आणि ७४७ जहाजे बांधून गोद्या बंद झाल्या. कामगार पांगले, योजनेचे सभासद झपाट्याने घटले. तेव्हा ती गुंडाळून न टाकता १९४५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. नाव ओढ्याचेच राहिले. पर्मनेन्टे म्हणजे स्पॅनिशमध्ये कायमचे, कारण तो ओढा उन्हाळ्यातही आटत नसे.

कायझर १९६७ साली होनोलुलूत वारले. त्यांच्या गोदीत बांधलेले 'रेड ओक व्हिक्टरी' हे जहाज रिचमंडला जतन केले आहे. एखाद्या रविवारी वेळा बघून मुलांना जरूर दाखवून आणा.